भिंत वाळेपर्यंत

तुमी मालेगावहून आणलेले रंगाचे डबे मी परत धाडले. रंगवाल्या सलीमभाईचा टेम्पो आपल्या जऊळक्याले आला होता, त्यात ठेवून देले. एक डबा तुमी उघडला होता, तेवढा घरात आहे, बाकीचे गेले. तुमाले आधी हेच सांगावं म्हणलं. रंग परत गेला हे तुमाले दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये.

तुमची तेरवी होऊन आठवडा झाला. मी लिहायले बसली आहे. या घरात राहायले आल्यापासून अंगणवाडीचं रजिस्टर मी लिहिते, ते शुद्ध भाषेत, कारण ते मॅडम वाचतात. पण शुद्ध भाषेत माह्याच्यानं भांडण होत नाही, अन् मले तुमच्यासंग भांडायचंच आहे. नऊ दिवस अबोला धरला अन् दहाव्या दिवशी तुमी निघून गेले. ही कुठची रीत झाली? आता मी बोलते अन् तुमी ऐका. तसंही तुमाले आता ऐकण्याशिवाय काय काम आहे.

या घराच्या आधी आपण किती घरात राह्यलो, आठवते का तुमाले? त्यातलं एकही आपलं नव्हतं. तुमी गवंडी, मी तुमच्या हाताखालची बिगारी. ज्या गावात काम, त्या गावातल्या अर्ध्या बांधलेल्या घरातच आपला मुक्काम, सिमेंट राखायले. दाराले पोत्याचा पडदा. दुसऱ्याच्या होणाऱ्या स्वैपाकघरात तीन विटा मांडून मी चूल पेटवली. आपला गजू रांगायले शिकला तो अनसिंगच्या एका मास्तरच्या झोपायच्या खोलीत, वाळूवर. गिलावा झाला, फरशी बसली, अन् रंगारी आला की मालक म्हणे, "आता हलवा बा तुमचं सामान." मंग गाठोडं बांधा, थापी-ओळंबा पोत्यात टाका अन् चला पुढच्या गावाले. हर वेळेस रंगाच्या आधी आपण निघायचो. एवढी घरं बांधली, पण रंगवलेल्या घरात मी एक दिवस राह्यली नाही.

एकदा आपण बसनं अनसिंगवरून जात होतो. मास्तरचं ते घर दिसलं मले. समोर तुमी रचलेली उघडी वीट, अन् बाजूच्या भिंतीले हिरवा रंग, हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्यासारखा. ओट्यावर कोणी बाई गहू निसत बसली होती. मी तुमचा दंड हालवला, "पाहा ना वो, आपलं घर." तुमी खिडकीले टेकून झोपले होते. तुमचे डोळे उघडेपर्यंत बस पुढं गेली होती. "कोणतं घर?" तुमी म्हणले, अन् परत झोपले. तेव्हापासून तो हिरवा माह्या मनात होता. तुमाले मी तो शंभर वेळा सांगतला असन.

मंग आपली जागा झाली. पायाची पूजा झाली, नारळ फोडला, अन् तुमी चार लोकात म्हणले, "घर माह्या हातचं, रंग इंदूच्या मनाचा." लोक हासले. मी पदर तोंडाले लावला. तुमच्या तोंडून माहं नाव लोकात निघालं ते तेव्हाच, नाही त एरवी 'गजूची माय'. मले वाटलं, चला, लुगडं कधी माह्या पसंतीचं आलं नाही, पोराचं नाव तुमच्या मायनं ठेवलं, पण घराचा रंग माहा. एवढी एक गोष्ट माही. तुमाले हे समजलं होतं का नाही, हे मले आता कोण सांगणार?

पुढची भिंत तुमी उघड्या विटेचीच ठेवली. भट्टीवर जाऊन एकेक वीट निवडली. दोन विटा एकमेकीवर ठोकायचे, खणकन वाजली त ठेवायचे, बद्द वाजली त फेकायचे. भट्टीवाला म्हणे, "भाऊ, वीट घेता का तबला?" सांधे असे भरले की नख जाणार नाही. अन् तुमची बहीण आली त अंगणातूनच म्हणते, "काहो भाऊ, गिलाव्याले सिमेंट सरलं काय?" मले असा राग आला! पण तुमी हासले. "ज्याले वीट रचता येत नाही, तो गिलावा मारून झाकते," तुमी म्हणले. त्या दिवशी मले तुमचा लय गर्व वाटला. सांगायचं राह्यलं. च्या कराले उठली अन् राहूनच गेलं.

बाजूच्या दोन भिंती अन् वरचा पट्टा गिलाव्याचा होता. त्याले रंग पाह्यजे होता. मी पेटीतून हिरव्या झंपराचा तुकडा कापून तुमच्या हातात देला. "असाच आणजा. उलसाही फिका नको." तुमी घडी करून खिशात ठेवला. मी म्हणलं, "उद्या जाऊ ना वो, मीबी येते. आज पोरायचं वजन करायचं आहे, मॅडम येणार आहे."

"तू कायले येतं? पाहून त आणायचा रंग."

अन् तुमी गाडीच्या डिक्कीत टॉवेलात गुंडाळून एक वीट ठेवली. मी दारातून हासली. लोक मालेगावाले जातात त पिशवीत भाजी आणतात, माहा माणूस वीट फिरवून आणते. त्या हासण्याचं मले आता वाईट वाटते.

संध्याकाळी आले तुमी. डब्याचं झाकण उघडलं, अन् आत काय? ज्वारीचा कडबा. वाळलेल्या कडब्याचा पिवळट, मळकट रंग.

"हे काय?"

"रंग."

"मी हिरवा सांगतला होता."

"हिरवा नाही चालत त्या विटेले."

"काहून नाही चालत?"

"नाही चालत म्हणलं ना. उद्या उजेडात लावून दाखवतो, मंग बोल."

सकाळी तुमी ब्रश घेतला अन् विटेले लागून बाजूच्या भिंतीवर हातभर रुंद पट्टा मारला, छातीएवढा उंच. ऊन चढलं होतं. आपली वीट उन्हात कशी दिसते तुमाले माहीत आहे? नाही माहीत. फिकी दिसते, नारिंगी, वर धुळीचा हात. त्याच्या बाजूले तो कडबा. दोघंही आजारी.

मी म्हणलं, "घराले कावीळ झाली काय?"

तुमी दोन पावलं मांगं सरले. भिंतीकडं पाह्यलं, विटेकडं पाह्यलं. तुमच्या कपाळाले आठ्या पडल्या, जसं काही तुमाले तिथं दुसरंच दिसायले पाह्यजे होतं. मले दिसलं ते. त्या वेळेस तुमी एक शब्द बोलले असते, "थांब वं, काहीतरी चुकलं," त मी तुमाले पाणी आणून देलं असतं अन् आपण दोघं ओट्यावर बसलो असतो. पण चुकलं म्हणन तो गवंडी कसला!

"तुले काय समजते रंगातलं? जिंदगीभर विटा त वाह्यल्या तू."

"वाह्यल्या म्हणून त तुमच्या भिंती उभ्या राह्यल्या. अन् मले समजत नव्हतं त चार लोकात बोलले कायले?"

तुमी ब्रश पाण्याच्या बादलीत आदळला. शिंतोडे माह्या लुगड्यावर उडाले. ते डाग अजून आहेत, कडब्याचे. धुतल्यानं जात नाहीत.

अन् मंग अबोला. आपल्या अबोल्याले त घरात तिसरं माणूसही नव्हतं मधात बोलायले. तुमी ताटावर बसले की आढ्याले सांगायचे, "आज भाजीत मीठ कमी आहे बा." मी मिठाचा डबा तुमच्यापुढं सरकवायची. एकदा मी शेगडीले सांगतलं, "गॅस सरत आला, कोणाले काही पडलं आहे का." दुसऱ्या दिवशी सिलिंडर येऊन पडलं. दुसऱ्या कोणी पाह्यलं असतं त पोट धरून हासलं असतं. पाचव्या दिवशी मलेही हासू आलं होतं, पण मी तोंड फिरवलं. मनात म्हणलं, आधी यायनं बोलावं. वचन त्यायनं मोडलं, मी नाही. तुमी मनात काय म्हणत होते?

आपल्याकडं घरातून निघताना 'जातो' कोणी म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. तुमीही म्हणायचे, रोज, गाडीले किक मारता मारता, "येतो वं." त्या नऊ दिवसात म्हणले नाही. दहाव्या दिवशीही नाही. जेवणाचा डबा घेतला, गाडी काढली, गेले. दुपारी मालेगावच्या कामावरून फोन आला. जेवण करून लिंबाखाली टेकले होते, ते उठलेच नाही म्हणे. लोकायनं सांगतलं, काही तरास नाही झाला त्यायले. तुमाले नाही झाला. तुमाले कशाचाच तरास झाला नाही.

गजू पुण्याहून आला, सगळं त्यानं केलं. मी रडली नाही. बाया एकमेकीच्या कानात बोलत होत्या, इंदूबाईचं काळीज दगडाचं आहे. मले रडू येत नव्हतं त काय करू? मले राग येऊन राह्यला होता. तुमाले न्यायच्या वेळेस त्या उघड्या विटेच्या भिंतीसमोर ठेवलं होतं, अन् बाजूलेच तो पिवळा पट्टा. माही नजर सारखी तिकडं जाये.

तेरवीच्या दोन दिवस आधी सलीमभाई आले. मालेगावचे रंगवाले. ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणले, "भाभी, मी डब्यायसाठी नाही आलो. पण ठेवायचे नसले त मी वापस घेऊन जाईन, त्याची फिकर करू नका. भाऊचा चेहरा डोळ्यापुढून जात नाही म्हणून आलो."

मी म्हणलं, "घेऊन जा. आणलाच कायले तो रंग, मले समजलं नाही."

त्यायनं माह्याकडं पाह्यलं. "तुमाले भाऊनं सांगतलं नाही?"

"काय सांगायचं?"

"भाभी, त्यायनं पैले हिरवाच मांगतला. खिशातून कपडा काढला, म्हणे, हुबेहूब हाच पाह्यजे, घरचा हुकूम आहे. मंग टॉवेलातून वीट काढली, काउंटरवर ठेवली, अन् माह्या पिण्याच्या तांब्यातलं पानी तिच्यावर ओतलं! मी म्हणलं, अरे भाऊ, बिलबुक भिजलं ना पुरं! त म्हणे, कोरड्या विटेवर रंग पाह्यणं म्हणजे पोरगी न पाहता सोयरीक करणं. मंग हिरव्याचा नमुना बाजूले धरला. भाभी, खरं सांगतो, त्या ओल्या लाल विटेजवळ हिरवा मरून गेला. काळपट दिसे, शेवाळासारखा. भाऊनं दुसरा हिरवा काढायले लावला. मंग तिसरा. एक नाही बसला. लय वेळ तो कपडा हातात घेऊन बसले. म्हणे, सलीमभाई, आता घरी काय सांगू? अन् मंग हा कडब्याचा धरला, त वीट अशी उठली, अशी उठली, की दुकानातले गिऱ्हाईक बी पाहत राह्यले."

सलीमभाई गेले. मी ओट्यावरच बसली राह्यली. अन् मले समजलं.

वीट रचायच्या आधी पाण्यात भिजवा लागते, नाही त ती सिमेंटातलं पाणी पिऊन घेते. हे मी तुमाले काय सांगू, तुमीच मले शिकवलं. अन् विटा भिजवायचं काम माहं होतं. हौदात टाकायच्या, बुडबुडे थांबले की काढायच्या, निथळत्या तुमच्या हातात द्यायच्या. तीस वर्षं. तुमच्या हातात मी कधी कोरडी वीट देली नाही. भट्टीवर तुमी वीट कानानं पाह्यली, डोळ्यानं पाह्यली ती हर वेळेस ओली, कुंकवासारखी लाल, माह्या हातातून आलेली. भिंत झाली की तिच्यावर रोज पाणी मारायचो. ती पुरी वाळून फिकी पडायच्या आत तिच्यावर गिलावा चढायचा, नाही त आपण दुसऱ्या गावाले. वाळलेली भिंत पाहायले आपण कुठं थांबलो? तुमच्या डोळ्याले विटेचा तोच रंग खरा होता. म्हणून त्या सकाळी तुमच्या कपाळाले आठ्या पडल्या. तुमाले समजतच नव्हतं की दुकानातली वीट कुठं गेली.

गवंड्यानं करावी अशी चूक केली तुमी. राहणाऱ्या माणसाले वीट कोरडी दिसते हो! वर्षातले आठ महिने कोरडी. सकाळी अंगण झाडताना कोरडी, पाहुणे आले तेव्हा कोरडी. तुमी घराले बांधणाऱ्याच्या डोळ्यानं पाह्यलं. मले त्यात राहायचं होतं.

अन् तीन हिरवे उघडले तुमी! तीन! माह्यासाठी दुकानदारासमोर एवढा वेळ बसले, आता घरी काय सांगू म्हणले. मंग घरी येऊन सांगतलं काहून नाही? एवढंच म्हणायचं होतं, "इंदे, मी तुहा हिरवा लावून पाह्यला." बस. मी कडबा काय, डांबर लावून घेतलं असतं भिंतीले. सलीमभाईले सगळं सांगता येते, भट्टीवाल्याले सांगता येते, आढ्याले मीठ कमी आहे म्हणून सांगता येते, अन् बायकोले म्हणायचं, तुले काय समजते! त्या दिवशी मी रडली. चांगली हंबरडा फोडून रडली. बायायले वाटलं, आता कुठं दुःख बाहेर पडलं. दुःख कशाचं, संताप होता माय.

गजू म्हणे, "आई, पुढून पण गिलावा मारून घेऊ अन् सरसकट एकच रंग देऊ. लोक विचारतात, काम अर्धं सोडलं का बाबायनं." मी म्हणलं, "त्या विटेले कोणी हात लावला त पाहून घेईन." मंग मी हिरवा रंग सांगतला, त शेजारच्या बाया सुरू झाल्या, वर्ष नाही झालं अन् घराले रंग लावते ही बाई, काय म्हणावं. काय म्हणायचं ते म्हणा. बोलणाऱ्याचं तोंड अन् वाहता नळ कोणी धरला आहे? जिंदगीभर मी रंगाच्या आधी गाठोडं बांधून निघाली. आता मी कुठंच जाणार नाही, रंग येईन माह्याकडं.

काल रंगारी आला. हिरवा लावला, माहा, घाट्याचा. दुपारपर्यंत दोन्ही भिंती झाल्या. खरं सांगू? उन्हात, फिक्या विटेजवळ, ते घर हासून राह्यलं होतं. अनसिंगच्या घरापेक्षा चांगलं. मी अंगणात उभी राहून मनात म्हणलं, पाह्यलं? पाह्यलं का? मले काय समजते म्हणे!

तुमचा पट्टा त्यानं शेवटाले ठेवला होता, त्याच्यावर आधी पांढरा मारावा लागते म्हणे. अन् मले म्हणला, "काकू, विटेवर शिंतोडे उडाले, वाळायच्या आत नळी लावून धुऊन टाका."

मी नळी लावली. पाणी वरून खाली आलं तशी एकेक ओळ लाल होत गेली. माहे हात त्या लालीले वळखत होते. पुरी भिंत ओली झाली अन् मी बाजूले पाह्यलं. माहा हिरवा मेला होता. सलीमभाई म्हणले तसाच, काळपट, शेवाळ चढल्यासारखा. अन् कोपऱ्यात तुमचा तो हातभर पट्टा, अहो, काय सांगू, वावरात कणसं भरल्यावर उतरतं ऊन पडते तसा. वीट अन् तो पट्टा एकमेकासाठीच केलेले. माह्या हातातली नळी तशीच वाहत राह्यली. अंगणात चिखल झाला.

रंगारी पांढऱ्याचा ब्रश घेऊन आला. "काकू, हा पट्टा मारू का?"

"थांब," मी म्हणलं. "भिंत वाळू दे."

ऊन कडक होतं. वरून वाळायले लागली, ओळीमांगं ओळ फिकी होत आली. भिंत वाळेपर्यंत तुमचं खरं होतं. मी तेवढा वेळ तिथंच उभी राह्यली. रंगारी दोनदा येऊन पाहून गेला. शेवटची खालची ओळ वाळली, हिरव्यात जीव आला, अन् तुमच्या पट्ट्याले परत कावीळ झाली.

"आता मारू?" तो म्हणला.

"राहू दे तेवढा."

"अवो काकू, लोक हासतीन. चांगल्या भिंतीवर डाग दिसन तो."

"दिसू दे," मी म्हणलं. "घरात कोणीतरी भांडायले लागते मले."

त्यानं ब्रश धुतला, डबे बंद केले, अन् पायरी उतरता उतरता म्हणला, "येतो काकू."